सखाराम गणेश पंडितांचा दावा

व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी 'नागरिकत्वाची मुलाखत' असे सांगितले. त्यांना वाटले, मी महानगरपालिकेच्या मतदारयाद्यांविषयी बोलणार. मतदारयाद्यांविषयी बोलण्यासारखे पुष्कळ आहे, पण आज ते नाही. एखाद्या परक्या माणसाला एखादा देश आपला म्हणतो, तेव्हा त्याला समोर बसवून काय काय विचारतो, आणि एकदा आपला म्हटल्यावर पुन्हा परका म्हणू शकतो काय, हा माझा विषय. मी इतिहासाचा पंडित नव्हे. शिक्षण दहावीपर्यंत, पुढचे सारे कारखान्याच्या गेटावर आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर. पण आज ज्यांची हकीकत सांगणार आहे ते मात्र नावानेच पंडित होते.

त्यांच्याकडे मी कसा पोहोचलो ते आधी सांगतो. तुर्भ्याला आमच्या युनियनची कचेरी आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रासायनिक कारखान्यातून निवृत्त झालेले एक जुने सभासद तेथे अधूनमधून येऊन बसतात. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. त्यांचा मुलगा अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. एके दिवशी तात्या हातात कागदांचे बाड घेऊन आले आणि म्हणाले, "भाऊ, पोराला तिकडं नागरिक करून घेणार आहेत. पण आधी परीक्षा आहे म्हणे. शंभर प्रश्न आहेत. नागरिक व्हायला परीक्षा द्यावी लागते, हे मी तरी आजच ऐकलं."

मी बाड पाहिले. घटना, अध्यक्ष, न्यायालय, यादवी युद्ध, निशाणावरचे तेरा पट्टे यांविषयीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे. या शंभरांपैकी अधिकारी दहा विचारतो, सहा बरोबर आले की उमेदवार उत्तीर्ण. इंग्रजीचे एक वाक्य वाचायचे, एक लिहायचे. ऑक्टोबर २०२५ नंतर अर्ज करणाऱ्यांना ही यादी १२८ प्रश्नांची झाली. त्यांतले वीस विचारतात आणि बारा यावे लागतात. तात्यांच्या मुलाचा अर्ज आधीचा, म्हणून तो शंभरांत सुटला.

कारखान्यात खातेचौकशी लागली की आम्ही कामगाराला आदल्या रात्री बसवून तयार करतो. मी साहेब होतो, त्याला उलटसुलट विचारतो. नियम एकच: विचारले तेवढ्याचेच उत्तर द्यायचे, मनाने पदरचे काही घालायचे नाही. तीच तालीम आम्ही फोनवर त्या मुलाची घेतली. इकडे रात्र, तिकडे सकाळ. मी अमेरिकेचा अधिकारी झालो आणि तात्या उत्तरांचा कागद घेऊन बसले. प्रश्नोत्तरे ठीक झाली. मग अर्जातले 'होय' किंवा 'नाही' म्हणायचे प्रश्न आले. त्यांत एक असा: तुम्ही कधी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होता काय? तात्यांनी कागदावरून मान वर करून माझ्याकडे पाहिले, भिंतीवरच्या लाल झेंड्याकडे पाहिले आणि हळूच विचारले, "बापाच्या युनियनचं विचारत नाहीत ना?"

विचारत नाहीत. पण हा प्रश्न तेथे का आहे, असे मनात आले, आणि एक पुस्तक, त्यातून दुसरे, असे करीत मी शंभर वर्षांमागे गेलो. तेथे मला सखाराम गणेश पंडित भेटले.

आधी त्या काळचा कायदा ध्यानात घेतला पाहिजे. अमेरिकेने १७९० साली पहिला नागरिकत्वाचा कायदा केला, तेव्हाच लिहून ठेवले की परक्यांपैकी फक्त स्वतंत्र 'गोऱ्या' माणसालाच नागरिक होता येईल. यादवी युद्धानंतर, १८७० साली, आफ्रिकी वंशाच्या लोकांना तो हक्क दिला. मधले सारे, म्हणजे चिनी, जपानी, आपण, अधांतरी राहिलो. चिनी लोकांना तर १८८२ साली नाव घेऊनच वगळले. १९०६ साली सारी पद्धत नव्याने बांधली गेली. प्रथम नागरिक होण्याचा इरादा जाहीर करायचा, त्याला लोक 'पहिले कागद' म्हणत. मग पाच वर्षे सलग वास्तव्य झाले की अर्ज. अर्जाची नोटीस नव्वद दिवस कचेरीत लावलेली. पाच वर्षे ओळखणारे दोन नागरिक साक्षीला. इंग्रजी बोलता आले पाहिजे. उघड्या न्यायालयात तपासणी: तू अराजकवादी आहेस काय? तू एकीहून अधिक बायका करणारांपैकी आहेस काय? जुन्या राजाची निष्ठा सोडतोस काय? कम्युनिस्टांचा प्रश्न या घराण्यातलाच; अराजकवाद्याच्या मागून तो आला, इतकेच.

पण आपल्या लोकांच्या बाबतीत खरा प्रश्न एकच होता, आणि तो पाठ करून सुटणारा नव्हता. तू गोरा आहेस काय?

या प्रश्नाला पहिले गाजलेले उत्तर मुंबईकराने दिले. भिकाजी बालसारा हे पारशी गृहस्थ टाटांच्या पेढीसाठी कापसाच्या खरेदीचे काम करीत. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९०९ साली त्यांना नागरिक करून घेतले, पण न्यायाधीशाला स्वतःलाच धास्ती वाटली. पारशाला घेतले तर उद्या अफगाण येतील, हिंदू येतील, अरब येतील, असे त्याने बोलून दाखविले आणि सरकारने अपील करून गोष्ट एकदाची पक्की करावी असे सुचविले. १९१० साली वरिष्ठ न्यायालयाने बालसारांचे नागरिकत्व कायम केले. कारण काय दिले? तर पारशी हे हिंदूंहून निराळे, गोऱ्या वंशाचे आहेत. एकाला दार उघडले ते दुसऱ्याकडे बोट दाखवून.

सखाराम गणेश पंडित हे नाव वाचताच ते आपल्या आळीतले वाटावेत. जन्म १८७५ चा, अहमदाबादचा. १९०६ साली ते अमेरिकेत गेले, व्याख्याने देत फिरले आणि लॉस एंजेलिसला स्थिरावले. १९१४ साली त्यांनी तेथल्या न्यायालयात नागरिकत्वाचा अर्ज चालविला. सरकारी तपासनिसाने हरकत घेतली की हा मनुष्य गोरा नाही. पंडितांनी लेखी युक्तिवाद दिला, न्यायाधीशाने विचार केला आणि निर्णय पंडितांच्या बाजूने दिला. सरकारने अपील केले नाही. पंडितांनी इंग्लंडच्या राजाची, म्हणजे आपल्या त्या वेळच्या बादशहाची, निष्ठा सोडल्याची शपथ घेतली आणि ते अमेरिकन नागरिक झाले. १९१७ साली ते कॅलिफोर्नियात वकील झाले. त्या वेळी वकिलीच्या सनदेला नागरिकत्व लागत असे. १९२० साली त्यांनी लिलियन नावाच्या अमेरिकन बाईशी लग्न केले. घर बांधले, इंपीरियल खोऱ्यात जमीन घेतली. ज्याला आपण बस्तान म्हणतो ते बसले.

मग भगतसिंग थिंद यांचा खटला आला. हे अमृतसर जिल्ह्यातले शीख गृहस्थ. १९१३ साली अमेरिकेत गेले, लाकडाच्या गिरणीत काम केले, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात भरती झाले. डिसेंबर १९१८ मध्ये त्यांना नागरिकत्व मिळाले आणि चार दिवसांत काढून घेतले. पगडी बांधून ज्या देशाची बंदूक खांद्यावर घेतली तो देश चार दिवस त्यांचा होता! त्यांनी पुन्हा अर्ज केला. १९२० साली ओरेगॉनच्या न्यायालयाने तो मान्य केला, सरकार वर गेले, आणि जानेवारी १९२३ मध्ये प्रकरण वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे उभे राहिले. थिंद यांच्या वकिलांत सखाराम गणेश पंडित होते.

याआधी दोनच महिन्यांपूर्वी त्याच न्यायालयाने ताकाओ ओझावा नावाच्या जपानी माणसाचा अर्ज फेटाळला होता. ओझावांनी तयारी म्हणाल तर काय केली नव्हती? वीस वर्षे वास्तव्य, अमेरिकेत शिक्षण, घरात इंग्रजी, मुले अमेरिकन शाळेत. वर आपली कातडी कित्येक गोऱ्यांहून गोरी आहे, असेही त्यांचे म्हणणे होते. न्यायालय म्हणाले, कातडीच्या रंगाचा प्रश्न नाही. 'गोरा' म्हणजे कॉकेशियन वंशाचा. ओझावा त्या वंशाचे नाहीत.

हा निकाल ऐकून थिंद यांच्या बाजूला हायसे वाटले असणार. कारण त्या काळच्या वंशशास्त्राच्या पुस्तकांत उत्तर हिंदुस्थानातले लोक कॉकेशियन म्हणूनच लिहिलेले होते. मग पुस्तके दाखवायची आणि जिंकायचे. पण फेब्रुवारी १९२३ मध्ये निकाल लागला तो उलटा. न्यायालय म्हणाले, शास्त्रज्ञ काय म्हणतात ते सोडा. सामान्य माणूस 'गोरा' म्हणजे काय समजतो ते पाहायचे, आणि सामान्य माणूस हिंदूला गोरा समजत नाही. तीन महिन्यांत मोजपट्टी बदलली. दोन्ही निकालपत्रे लिहिणारे न्यायमूर्ती एकच, जॉर्ज सदरलँड. तेही जन्माने अमेरिकन नव्हते. इंग्लंडात जन्मलेले, लहानपणी आईबापांबरोबर आलेले. त्यांना कोणी वंशशास्त्राची पुस्तके मागितली नव्हती.

येथे एका गोष्टीकडे डोळेझाक करणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. थिंद यांच्या बाजूने जो लेखी युक्तिवाद झाला त्यात आपल्या जातिभेदाची साक्ष काढलेली आहे. आम्ही उच्चवर्णीय आहोत, जातीबाहेर लग्न करीत नाही, म्हणून आमचे आर्य रक्त शुद्ध आहे, आणि आमच्याकडचा उच्चवर्णीय तेथल्या मूळ रहिवाशांकडे लग्नसंबंधाच्या बाबतीत जसा पाहतो तसाच अमेरिकन माणूस निग्रोकडे पाहतो, अशा आशयाचे म्हणणे तेथे मांडले गेले. म्हणजे दार उघडावे म्हणून यांनी दारातल्या पहारेकऱ्याला सांगितले की आमच्या घरीही असाच पहारा आहे! वकील अशिलासाठी मिळेल ते हत्यार वापरतो, हे मी रोज पाहतो. तरीही हे वाचताना मान खाली जाते. पंडित लॉस एंजेलिसला नागरिक झाले त्याच सुमारास, १९१३ पासून १९१६ पर्यंत, न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात एक विद्यार्थी शिकत होता. ९ मे १९१६ रोजी त्याने तेथल्या परिसंवादात जातिसंस्थेवर निबंध वाचला, आणि जातीबाहेर लग्न न करणे हेच या रोगाचे मूळ आहे, असे दाखवून दिले. त्या विद्यार्थ्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. एकाच गोष्टीकडे एकाने प्रमाणपत्र म्हणून पाहिले आणि दुसऱ्याने गुन्ह्याचा पुरावा म्हणून. आणि ते प्रमाणपत्र शेवटी चालले नाहीच.

थिंद हरले आणि संकट एकट्या थिंदांपुरते राहिले नाही. ज्या हिंदी लोकांना मागे नागरिकत्व मिळाले होते त्यांचेही ते 'बेकायदा मिळविलेले' ठरवून रद्द करण्याचे दावे सरकारने लावले. १९०६ च्या कायद्यात तशी सोय होती. पहिला बळी अक्षयकुमार मोझुमदार. मग एकामागून एक. कॅलिफोर्नियात ज्याला नागरिक होता येत नाही त्याला शेतजमीन घेता येत नसे, म्हणजे नागरिकत्व गेले की पायाखालची जमीनही गेली. ही गोष्ट आपल्या गावांतल्या लोकांना वेगळी समजावून सांगायला नको. सिडकोने १९७० पासून जमिनी घेतल्या तेव्हा सातबाऱ्यावरचे नाव म्हणजे काय असते ते ठाणे-बेलापूर पट्टीतल्या आणि उरण-पनवेलच्या घराघराने पाहिले आहे. नागरिकत्व कोणाचेच गेले नव्हते, तरी जमीन गेल्यावर माणूस स्वतःच्याच गावात पाहुण्यासारखा कसा होतो, हे जासईच्या १९८४ च्या आंदोलनात उतरलेल्या वडीलधाऱ्यांना विचारावे.

सान फ्रान्सिस्कोला वैष्णोदास बगाई नावाचे व्यापारी होते. १९१५ साली पत्नी कला आणि तीन मुलगे यांना घेऊन ते तेथे गेले, १९२१ साली नागरिक झाले. थिंद निकालानंतर नागरिकत्व गेले, मालमत्ता विकावी लागली. हिंदुस्थानात एकदा जाऊन यावे म्हटले तर अमेरिकेचा पासपोर्ट मिळेना. ब्रिटिश पासपोर्ट घ्या, असा सल्ला मिळाला. ज्या साम्राज्याला सोडून ते आले त्याचाच! मार्च १९२८ मध्ये त्यांनी गॅस सोडून जीव दिला, आणि असे का केले ते वर्तमानपत्राला पत्र लिहून कळविले.

पंडितांवरही दावा लागला. थिंदांसाठी लढलेला वकील आता स्वतःच आरोपीच्या जागी. आणि येथे या माणसाची बुद्धी पाहा. मी गोरा आहे, आर्य आहे, कॉकेशियन आहे, हा सारा वाद तो एकदा हरून आला होता. तो त्याने पुन्हा उकरून काढला नाही. त्याने सरकारला विचारले, १९१४ साली तुम्ही न्यायालयात हजर होता की नव्हता? मी गोरा आहे की नाही हाच प्रश्न तेव्हा निघाला होता की नव्हता? तुम्ही हरकत घेतली, मी उत्तर दिले, न्यायाधीशाने निर्णय दिला, तुम्ही अपील केले नाही. त्या निर्णयावर विसंबून मी जुने राष्ट्रीयत्व सोडले, वकिलीची सनद घेतली, लग्न केले, घर बांधले, जमीन घेतली. आता नऊ वर्षांनी तुम्ही म्हणता ते सारे चुकीचे. मी काहीही लपविले नव्हते, फसविले नव्हते. मग तुमच्या चुकीची किंमत मी का द्यावी? शिवाय माझी बायको जन्माने अमेरिकन. १९२२ च्या कायद्याने नागरिक होण्यास अपात्र अशा परक्याशी लग्न करणाऱ्या अमेरिकन स्त्रीचे नागरिकत्व जाते. म्हणजे माझ्याबरोबर तीही देशाविना होईल.

हा युक्तिवाद वाचला तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. कारण हाच आम्ही केलेला होता, पंडितांचे नाव ठाऊक नसताना! काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात आमचा पगारवाढीचा करार झाला. कामगारांनी उत्पादन वाढवून द्यायचे, कंपनीने बदली कामगारांना टप्प्याटप्प्याने कायम करायचे. तीन वर्षे उत्पादन वाढवून दिले. मग नवे व्यवस्थापन आले आणि म्हणाले, जुन्या मॅनेजरला सही करण्याचा अधिकारच नव्हता, सबब करार रद्द, कायम केलेले पुन्हा बदली. आमचे म्हणणे एवढेच की, सही तुमच्या टेबलावर झाली, शिक्का तुमचा, तीन वर्षे माल तुम्ही उचलला. आता अधिकार नव्हता हे आम्हांला का सांगता? एकाच्या शब्दावर विसंबून दुसऱ्याने आपली स्थिती बदलली, तर पहिल्याला शब्द फिरविता येत नाही, याला वकील मंडळी एस्टॉपेल म्हणतात. आपल्याकडे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात ते ११५ वे कलम होते. बदली आणि कायम यांतला फरक ज्याने भोगला आहे त्याला नागरिकत्व काय ते चटकन कळते. बदलीवाला रोज सकाळी गेटावर उभा राहतो आणि आज आत घेतील की नाही ते पाहतो. कायम झालेल्याला कोणी विचारीत नाही. आणि ज्याला 'कायम' म्हणूनही उद्या पुन्हा गेटावर उभे करता येते तो कायम नव्हेच.

खालच्या न्यायालयाने पंडितांचे म्हणणे मानले. सरकार अपिलात गेले. १९२६ साली अपील न्यायालयाने सांगितले की त्या दोन पक्षांत तो प्रश्न एकदा निकाली निघालेला आहे; थिंदांचा निकाल पुढे काही लागो, १९१४ चा निर्णय आता उकरता येणार नाही. १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे प्रकरण ऐकण्यासच नकार दिला. तेव्हा कोठे हिंदी लोकांवरचे असले दावे थांबले. पंडित जिंकले, पण गोरे ठरून नव्हे. गोरेपणाचा प्रश्न जेथल्या तेथे राहिला आणि सरकार आपल्या शब्दाला बांधले गेले. आधीच ज्यांचे नागरिकत्व गेले होते त्यांना याचा उपयोग झाला नाही, आणि बगाईंनी जीव दिला तो या निकालानंतर वर्षभराने, ही गोष्ट मात्र विसरता येत नाही.

थिंद यांना शेवटी १९३६ साली नागरिकत्व मिळाले, तेही महायुद्धातल्या सैनिकांसाठी केलेल्या नव्या कायद्याखाली. म्हणजे पगडीने नाही, वंशाने नाही, बंदुकीने मिळाले. हिंदी लोकांना सरसकट नागरिक होण्याची मुभा २ जुलै १९४६ च्या कायद्याने झाली. वर्षाला शंभर माणसांनी देशात यावे, असा त्यात वाटा होता. वंशाची अट पुरती गेली १९५२ साली. कला बगाई १९४६ च्या त्या कायद्याचा लाभ घेऊन नागरिक झाल्या. बर्कली गावात त्या प्रथम राहायला गेल्या तेव्हा शेजाऱ्यांनी घरात पाऊल टाकू दिले नव्हते. त्याच गावाने अलीकडे एका रस्त्याला त्यांचे नाव दिले. आणि एकदा दिलेले नागरिकत्व माणसाच्या स्वतःच्या संमतीवाचून सरकारला काढता येत नाही, असे तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने स्वच्छ शब्दांत सांगितले ते १९६७ साली, अफ्रॉयिम नावाच्या चित्रकाराच्या खटल्यात. फसवणूक करून मिळविलेल्याची गोष्ट वेगळी, ती आजही रद्द होते.

हे झाले सातासमुद्रापलीकडचे. आपल्या दाराशीही एक उदाहरण आहे आणि ते अगदी उलट्या तऱ्हेचे आहे. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. तेथल्या लाखो लोकांची मुलाखत कोणी घ्यायची? २८ मार्च १९६२ रोजी केंद्र सरकारने हुकूम काढला: जे स्वतः, किंवा ज्यांचे आईबाप अथवा आजीआजोबांपैकी कोणी, २० डिसेंबर १९६१ पूर्वी त्या प्रदेशात जन्मले, ते त्या दिवसापासून भारताचे नागरिक. ज्याला नको असेल त्याने महिन्याच्या आत लेखी सांगावे. होकाराला कागद लागला नाही, नकाराला लागला. फादर मोंतेरो नावाच्या एका पाद्र्यांनी असा नकार लिहून दिला आणि ते पोर्तुगीज राहिले. त्यांचा राहण्याचा परवाना नोव्हेंबर १९६४ मध्ये संपला, तो त्यांनी वाढवून घेतला नाही, म्हणून खटला झाला. तीस दिवसांची साधी कैद आणि पन्नास रुपये दंड. ते आपल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६९ साली हरले. जन्मभूमीत राहून त्यांना परकेपणाचा परवाना लागला, कारण विचारलेल्या प्रश्नाला त्यांनी 'नाही' असे उत्तर दिले होते. त्यांची निवड मला पटत नाही, पण आपल्या शब्दाची किंमत त्यांनी दिली हे मानले पाहिजे.

आपला १९५५ चा नागरिकत्वाचा कायदाही परक्याला तपासतो. अर्जापूर्वीचे सलग बारा महिने येथे वास्तव्य, त्यामागच्या चौदा वर्षांत मिळून अकरा वर्षांचे, चांगली वर्तणूक, आणि घटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या एका तरी भाषेचे पुरेसे ज्ञान. या परिशिष्टात मराठी आहे. म्हणजे मराठी येणे ही भारताचा नागरिक होण्याची एक कायदेशीर पात्रता आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल! पाकिस्तानातून आलेल्या सिंधी मंडळींची उल्हासनगरला मोठी वस्ती आहे. फाळणीच्या वेळी आलेले केव्हाच नागरिक झाले, पण मागाहून आलेल्या कित्येकांची वर्षे कागदांत गेली. अशांच्या नोंदणीचे अधिकार २०१६ साली काही जिल्हाधिकाऱ्यांना दिले, त्यांत ठाण्याचेही होते. दाखले, पोलिसांचा अहवाल, राज्यघटनेशी निष्ठेची शपथ. आणि मौज अशी की आपल्या कायद्याच्या दहाव्या कलमात, अर्ज करून नागरिक झालेल्याचे नागरिकत्व काही कारणांनी काढून घेण्याची तरतूद आहे. जन्माने नागरिक असलेल्याला ती लागू नाही. कायम झालेल्यांतही दोन यादी, असे कामगाराच्या भाषेत म्हणता येईल. १९१४ सालचे पंडित या दुसऱ्या यादीतले होते.

कागदांवरून आठवले. तात्यांच्या मुलाचे खरे अडले होते ते शंभर प्रश्नांवर नव्हे. काही वर्षांपूर्वी ग्रीन कार्डाच्या वेळी जन्माचा दाखला लागला. मुलगा जन्मला पाटण तालुक्यात, आजोळी. ग्रामपंचायतीत एक तारीख, शाळेच्या दाखल्यावर १ जून. महाराष्ट्रातले निम्मे लोक १ जूनला जन्मले आहेत, हे अमेरिकेच्या वकिलाला कसे समजावायचे? गुरुजींनी पटावर सोयीची तारीख टाकली आणि तीस वर्षांनी दोन प्रतिज्ञापत्रे करावी लागली. वंशाचा प्रश्न गेला, त्याच्या जागी कागदाचा प्रश्न आला. पुस्तकातले शंभर प्रश्न कोणालाही पाठ करता येतात. पटावर कोणत्या गुरुजीने काय लिहिले ते पाठ करून येत नाही. मुंबईत आणि आपल्याकडे नाक्यावर उभे राहणाऱ्या मजुराला जेव्हा कोणी 'कागद दाखव' म्हणतो, तेव्हा मला या १ जूनची आठवण होते.

मुलगा मुलाखतीत उत्तीर्ण झाला. सहा प्रश्न विचारले, सहाही बरोबर आले, म्हणून अधिकारी तेथेच थांबला. त्यांतला एक, देशाचा सर्वोच्च कायदा कोणता, हा होता. आमच्या तालमीत याचे उत्तर त्याच्याआधी तात्यांनीच देऊन टाकले होते: "संविधान. यात काय विचारायचं?"

शपथ झाली त्या दिवशी तात्या कचेरीत पेढे घेऊन आले, पण नेहमीसारखे बोलेनात. शपथेत जुन्या देशाची निष्ठा सोडतो असे म्हणावे लागते, हे मुलाने त्यांना सांगितले होते. आपल्या कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणे दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतल्याक्षणी भारताचे आपोआप संपते, पासपोर्ट परत करावा लागतो, हेही मी सांगितले. २००५ पासून अशा लोकांना एक कार्ड मिळते, त्यावर येथे येता येते, राहता येते, मत मात्र देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. "पाटणच्या वाट्याचं काय?" तात्यांनी विचारले. वारसाने येते ती राहील, असे मी म्हणालो. त्यांनी मान हलविली.

मग पिशवीतून त्यांनी शिधापत्रिका काढली. मुलाचे नाव अजून त्यावर होते, अमेरिकेत जाऊन इतकी वर्षे होऊनसुद्धा. शिधावाटप कचेरीचा नाव कमी करण्याचा अर्ज त्यांनी आणला होता. अक्षर बरे म्हणून मला लिहायला सांगितला. मुलाचे नाव, वय, नाते लिहून झाले. 'नाव कमी करण्याचे कारण' या रकान्यापाशी मी थांबलो आणि त्यांच्याकडे पाहिले. तात्या बराच वेळ खिडकीतून ट्रकांकडे पाहत राहिले. "स्थलांतर," ते म्हणाले. "स्थलांतर लिहा."